पंख वाकला तर चालेल, पिळला तर नाही : डॉ. विष्णू माधव घाटगे यांची गोष्ट

१६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईला जाणारी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. अलायन्स एअरचं एटीआर-७२ हे विमान. दोन पंख्यांचं, आणि पंख छताला जोडलेले. म्हणजे खिडकीशी बसलात तर पंख डोक्याच्या वर दिसतो. विमान धावपट्टी सोडतं तेव्हा त्या पंखाच्या टोकाकडे नीट बघा. टोक जरा वर उचललेलं दिसेल. हवेचा झटका बसला की ते हलकंसं वरखाली होतं. पहिल्यांदा बसणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, की बाप रे, पंख वाकतोय!

पंख वाकतोय ते चांगलंच आहे. तो तसाच बनवलाय. तोच पंख जर पिळायला लागला, म्हणजे ओला टॉवेल पिळतो तसा लांबीभोवती फिरायला लागला, तर मात्र काळजीचं कारण आहे. वाकण्याची मुभा द्यायची आणि पिळण्याला आवर घालायचा, हा विमान बनवणाऱ्याच्या कामातला सगळ्यात नाजूक हिशोब. भारतात हा हिशोब स्वतःच्या डोक्यानं मांडून विमान उडवणारा माणूस कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला होता. त्यांचं नाव डॉ. विष्णू माधव घाटगे. आपल्यापैकी बहुतेकांनी ते शाळेत ऐकलेलं नसतं, म्हणून आज त्यांची गोष्ट.

हसूरचंपू ते ग्योटिंगेन

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा, गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावातला. त्या वेळी राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला जेमतेम पाच वर्षं होत होती. म्हणजे विमान नावाची गोष्ट आणि हा मुलगा जवळपास बरोबरीनं मोठे झाले.

शिक्षण पुणे-मुंबईकडे झालं आणि पुढे ते जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात गेले. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते लुडविग प्रांटल. विमानशास्त्रात प्रांटल म्हणजे फार मोठं नाव. वाहत्या हवेचा पृष्ठभागाला चिकटून राहणारा पातळ थर आणि त्याचं गणित प्रांटल यांनी १९०४ मध्ये मांडलं, आणि आधुनिक वायुगतिकी तिथून सुरू झाली असं मानतात. घाटगे यांनी १९३६ मध्ये त्यांच्याच हाताखाली डॉक्टरेट मिळवली.

प्रांटल यांची एक बाजू मात्र कमी लोकांना माहीत आहे. हवेकडे वळण्याआधी ते पिळाच्या मागे होते! त्यांचा स्वतःचा डॉक्टरेटचा प्रबंध उभट, पातळ तुळईवर होता. अशी तुळई भार वाढल्यावर खाली वाकण्याऐवजी अचानक बाजूला कलते आणि पिळते, ते का, हा त्याचा विषय. घरी करून बघा. प्लास्टिकची लांब पट्टी उभ्या कडेवर धरून टोकाला दाबा. थोडा वेळ ती ताठ राहील आणि मग झटकन बाजूला पडेल.

१९०३ मध्ये प्रांटल यांनी आणखी एक भन्नाट युक्ती दिली. कोणताही दांडा पिळाला किती दाद देणार नाही हे काढायचं गणित अवघड असतं. प्रांटल यांनी दाखवलं, की दांड्याच्या छेदाच्या आकाराचं भोक एका पत्र्याला पाडा, त्यावर साबणाचा पडदा धरा आणि खालून हळूच हवा द्या. पडदा जेवढी जास्त जागा पोटात घेऊन फुगेल तेवढा तो दांडा पिळायला कठीण. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा हा साबणाचा फुगाच कॅल्क्युलेटर होता. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये टेलर आणि ग्रिफिथ या दोघांनी विमानाच्या भागांसाठी ही पद्धत प्रत्यक्ष वापरली.

अशा गुरूकडे शिकलेल्या विद्यार्थ्याला पंखाकडे दोन बाजूंनी बघायची सवय लागते. हवा पंखाला काय करते ही एक बाजू, आणि पंख हवेपुढे कसा टिकतो ही दुसरी.

वाक आणि पीळ, दोन वेगळ्या गोष्टी

इथे गोष्ट जरा थांबवू, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आपल्या इकडे अंगणात बाज टाकतात. जमीन वरखाली असली तरी सुतळीची जुनी बाज चारही पायांवर बसते, कारण तिची चौकट थोडी पिळते. तेच घट्ट फळीचं टेबल ठेवा, ते डुगडुगतं. टेबलाची फळी पिळत नाही, म्हणून एक पाय हवेत राहतो. आता बाजेवर बसून बघा. ती माणसाचं वजन आरामात घेते. म्हणजे एकच वस्तू वजनाला दमदार आणि पिळाला मऊ असू शकते. दोन्ही गुण एकत्र यायलाच हवेत असं नाही.

दुसरा प्रयोग. घरातला फॉइल पेपर संपला की पुठ्ठ्याची नळी उरते. ती दोन्ही हातांनी पिळा. पिळत नाही. आता कात्रीनं एका बाजूनं सरळ लांब चीर द्या, टोकापासून टोकापर्यंत. पुठ्ठा तेवढाच, वजन तेवढंच. पुन्हा पिळा. लगेच फिरते! नळीची त्रिज्या २० मिलिमीटर आणि जाडी १ मिलिमीटर धरली, तर सूत्राप्रमाणे बंद नळी चिरलेल्या नळीपेक्षा पिळाला १२०० पट जास्त ताठ असते. वाकण्याचं म्हणाल, तर तो ताठपणा चिरेमुळे फारसा बदलत नाही.

प्रांटल यांच्या साबणाच्या पडद्यानं बघितलं तर कारण लगेच कळतं. चिरलेल्या नळीचा छेद म्हणजे एक बारीक फट. तिच्यावर पडदा फुगून फुगून किती फुगणार? बंद नळीत मात्र मधली सगळी पोकळ जागा हिशोबात येते. अख्खा बांबू आणि उभी फोडलेली कामटी यांच्यातला फरकही हाच. मेळघाटातल्या कोणत्याही बांबू कारागिराच्या हातांना तो माहीत असतो.

म्हणजे डिझाइन करणाऱ्याकडे दोन वेगळी बटणं आहेत. वाकण्यासाठी जाडी आणि उंची. पट्टीची जाडी दुप्पट केली की ती वाकायला आठपट कठीण होते. आणि पिळासाठी बंद पेटी. कुठलं बटण किती फिरवायचं आणि वजन कसं आवरायचं, यातच खरं इंजिनिअरिंग आहे.

पंखाला पीळ का चालत नाही

पंखाचा वर उचलणारा जोर पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर काम करतो. पंखाचा पिळण्याचा अक्ष बहुतेक वेळा त्याच्या मागे असतो. त्यामुळे जोर आला की पुढची कड थोडी वर फिरते. कड वर फिरली की हवा आणखी जोर लावते. मग पीळ आणखी वाढतो. पंख ताठ असेल तर हे चक्र एका ठिकाणी थांबतं. पण हवेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, वेग दुप्पट तर जोर चौपट. पंखाचा ताठपणा मात्र तेवढाच राहतो. म्हणून प्रत्येक पंखाला असा एक वेग असतो, जिथे चक्र थांबत नाही आणि पंख तुटतो.

दुसरा धोका जास्त फसवा आहे. विमान डावी-उजवीकडे कलवण्यासाठी पंखाच्या मागच्या कडेला हलणारी फळी असते, एलेरॉन. एलेरॉन खाली केला की तो पंख वर जायला हवा. पण एलेरॉनवरचा जोर पंखाची पुढची कड खाली पिळतो. पंख मऊ असेल तर जेवढं कमावलं तेवढं पिळात गमावलं. वेग आणखी वाढला तर विमान चक्क उलट्या बाजूला कलतं. अमेरिकेच्या बी-४७ या बॉम्बफेकी विमानाचे लांब, लवचीक पंख याच दुखण्यासाठी प्रसिद्ध होते.

तिसरा धोका फडफडीचा. वाक आणि पीळ यांची लय जुळली की पंख हवेतून शक्ती ओढून स्वतःच थरथरायला लागतो आणि काही सेकंदांत मोडू शकतो.

मग पंख सगळ्याच बाजूंनी दगडासारखा का बनवत नाहीत? कारण वजन. शिवाय वाकणारा पंख हवेचा झटका स्वतः गिळतो, तो झटका थेट सांध्यावर आणि माणसांवर येत नाही. बोईंगनं २०१० मध्ये ७८७ विमानाच्या पंखांची जमिनीवर चाचणी केली तेव्हा टोकं साधारण साडेसात मीटर वर वाकवली होती. पंख तुटले नाहीत.

राइट बंधूंनी तर पिळाचाच फायदा घेतला होता. १८९९ मध्ये विल्बर राइट सायकलच्या ट्यूबचा पुठ्ठ्याचा रिकामा खोका हातात फिरवत होता. दोन्ही टोकं उघडी असल्यामुळे खोका पिळला, पण दबला नाही. त्यातून त्याला पंख पिळून विमान वळवायची कल्पना सुचली. त्या काळच्या कमी वेगाला ते चाललं. वेग वाढला तसा हा मार्ग बंद झाला, आणि पंख पिळाला ताठ करून एलेरॉन लावायची पद्धत रुळली.

बंगळुरूचा कारखाना

घाटगे भारतात परतले तेव्हा देशात विमान बनवणारा कारखानाच नव्हता. डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. आजच्या एचएएलची सुरुवात तीच. अगदी सुरुवातीच्या दिवसांतच घाटगे तिथे रुजू झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी दहा जणांना बसता येईल असं, इंजिन नसलेलं एक ग्लायडर डिझाइन केलं, जी-१. युद्ध पेटल्यावर कारखान्याला मुख्यतः लढाऊ विमानांच्या दुरुस्तीचं काम लागलं, त्यामुळे डिझाइनचं काम मागे पडलं.

घाटगे यांनी त्या काळात दुसरी एक गोष्ट केली, आणि ती विमानाइतकीच महत्त्वाची ठरली. डिसेंबर १९४२ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला, तेव्हा तो उभा करण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. ग्योटिंगेनला शिकलेलं इथल्या पोरांपर्यंत पोचवायचं ते काम होतं. कारखान्यात विमान बनवायचं तर गणित मांडणारी माणसं लागतात, आणि ती बाहेरून किती दिवस आणणार?

एचटी-२

स्वातंत्र्यानंतर हवाई दलाचे नवे वैमानिक टायगर मॉथवर शिकत होते. हे ब्रिटिश विमान १९३० च्या दशकातलं. एकावर एक दोन पंख, आत लाकूड, वरून कापड, आणि दोन पंखांमध्ये उभे खांब आणि तिरप्या तारा. पिळाचा प्रश्न त्यात या तारांनी सोडवलेला असायचा. दोन पंख, खांब आणि तारा मिळून एक मोठी जाळीदार पेटीच तयार होते. पद्धत भक्कम, पण तारा आणि खांब हवेत प्रचंड अडथळा करतात. त्यात लाकूड आणि कापड आपल्या ऊन-पावसात सतत जपावं लागतं.

घाटगे यांच्या गटानं त्याच्या जागी जे विमान आखलं ते म्हणजे एचटी-२. पूर्ण धातूचं, एकच पंख, तोही खाली, आणि बाहेरून एकही तार किंवा खांब नाही. एकामागे एक दोन जागा, शिकणाऱ्याची आणि शिकवणाऱ्याची. पंखांचा विस्तार पावणेअकरा मीटरच्या जवळपास.

तारा काढल्या म्हणजे वाक आणि पीळ दोन्ही पंखाच्या आतूनच सोसायला हवेत. धातूच्या अशा पंखात लांबीनं जाणारी मुख्य तुळई वाक घेते, आणि पातळ पत्रा तुळईशी जोडला जाऊन बंद पेटी बनते, ती पीळ घेते. म्हणजे पुठ्ठ्याच्या न चिरलेल्या नळीचाच खेळ. पत्रा नुसता झाकण राहत नाही, कामाला लागतो. आणि म्हणूनच पत्र्यातलं प्रत्येक मोठं भोक, प्रत्येक सैल रिव्हेट हिशोबात घ्यावी लागते. पेटी उघडली की पिळाचा ताठपणा गेला.

शिकाऊ विमानात हे आणखी कठीण, कारण चालवणारा नवशिका. तो विमान जमिनीवर आपटणार, दांडा झटक्यानं ओढणार, सूर मारताना वेगाची मर्यादा ओलांडणार. त्याच्या चुकांना माफ करणारा पंख हवा, पण छोट्या इंजिनाला पेलेल एवढा हलकाही हवा. पंख चुकला तर जाणार होते विशीतल्या मुलांचे जीव. आणि देशात आधी कुणी असं विमान बनवलेलंच नसल्यामुळे चूक झाली तर भारतीयांना हे जमत नाही असा शिक्का बसणार होता तो वेगळा.

ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी एचटी-२ पहिल्यांदा आकाशात नेलं. विमान टिकलं. पुढे दीडशेहून जास्त बनली. हवाई दल, नौदल आणि नागरी उड्डाण प्रशिक्षण, सगळीकडे पोरं त्यावर शिकली. घानाचं हवाई दल नवीन उभं राहत होतं तेव्हा भारताकडून तिकडेही १२ एचटी-२ गेली.

एकच माणूस, वेगवेगळी उत्तरं

घाटगे यांच्या पुढच्या विमानांकडे बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांनी एकच उत्तर सगळीकडे चिकटवलं नाही.

१९५८ मध्ये पुष्पक उडालं. फ्लाइंग क्लबसाठी, दोन माणसांचं, स्वस्त. त्याचा पंख वर, कापडाचं आवरण, आणि खालून आधाराचा तिरपा खांब. धातूचा पंख करता येणारी मंडळी पुन्हा कापडाकडे का वळली? कारण वेग कमी, आणि क्लबला परवडायला हवं. कमी वेगाला पिळाचा जोरही कमी, मग महागडी बंद पेटी कशाला? १९५९ मध्ये त्याच धाटणीचं कृषक आलं.

मग दुसरं टोक. ४ सप्टेंबर १९६४ ला किरण उडालं, जेट इंजिनाचं शिकाऊ विमान. वेग एचटी-२ च्या कितीतरी पट, म्हणजे पिळाचा जोर त्याच्या वर्गानं वाढलेला. इथे पंख धातूचा, आणि पिळाला चोख ताठ हवाच. सूर्यकिरण पथकाच्या कसरती तुम्ही पाहिल्या असतील, तर ते पथक १९९६ पासून २०११ पर्यंत हेच किरण विमान उडवत होतं. पंखाला पंख लावून उलटं होणाऱ्या त्या विमानांमागे साठच्या दशकात मांडलेला हा हिशोब होता.

१९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ६ डिसेंबर १९९१ ला ते गेले. बंगळुरूत एचएएलचं एक सभागृह त्यांच्या नावानं आहे, आणि एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया त्यांच्या नावानं पुरस्कार देते.

हेच गणित बर्फावर आणि खिशात

पंखाचं हे गणित विमानापुरतं राहिलं नाही. अमेरिकेत ग्लेन मार्टिन या विमान कंपनीत काम केलेल्या हॉवर्ड हेड नावाच्या माणसानं १९५० च्या सुमारास बर्फावर घसरायची स्की विमानाच्या पद्धतीनं बनवली. मध्ये लाकूड, वर-खाली ॲल्युमिनियमचा पत्रा. स्की लांबीत वाकायलाच हवी, नाहीतर वळणार कशी? पण ती पिळाला मऊ असली तर वळणावर टोकाची धार बर्फातून सुटते. फारच ताठ असली तर उलट जिथे तिथे अडकते.

आजही गुलमर्ग-औलीच्या बर्फासाठी कुणाला घरी स्की बनवायची झाली, तर हा समतोल काचेच्या धाग्यांच्या दिशेनं साधता येतो. लांबीच्या दिशेतले धागे वाक आवरतात, ४५ अंशात तिरपे टाकलेले धागे पीळ आवरतात. तिरप्या धाग्यांचा एक थर वाढवला की पिळाचा ताठपणा बराच वाढतो, वाक त्या मानानं कमी बदलतो. दोन वेगळी बटणं, आठवतं ना?

तुमच्या फोनचंही तेच. यूट्यूबवर फोन वाकवून दाखवणारे व्हिडिओ असतात. पातळ फोनच्या चौकटीत बटणांसाठी, सिमसाठी जितक्या खाचा तितक्या कमकुवत जागा. खाच नेमकी कुठे ठेवायची हे ठरवणारा इंजिनिअर घाटगे यांच्याच घराण्यातला समजा.

अमरावतीचा धागा

२०२४ मध्ये एअर इंडियानं बेलोऱ्याला वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी करायचं जाहीर केलं. त्यासाठी मागवलेली शिकाऊ विमानं अमेरिकेच्या पायपर आणि ऑस्ट्रियाच्या डायमंड कंपन्यांची आहेत. उत्तम विमानं आहेत, प्रश्न तो नाही. पण १९५१ मध्ये जो देश स्वतःचं शिकाऊ विमान उडवत होता, त्याच्या नागरी वैमानिकांच्या नव्या पिढीला पंख बाहेरून आणावे लागतात, हेही खरं. दुसऱ्या बाजूला एचएएलचं एचटीटी-४० हे शिकाऊ विमान २०१६ मध्ये उडालं आणि हवाई दलानं अशी ७० विमानं मागवली. नाव बघा, एचटी-२ चाच वारसा आहे.

अमरावती, अकोला, बडनेऱ्याच्या कॉलेजांत दरवर्षी कितीतरी पोरं मेकॅनिकल आणि सिव्हिलला बसतात. पिळाचा धडा त्यांच्या पुस्तकात असतोच, बहुतेक जण तो परीक्षेपुरता पाठ करतात. पुढच्या वेळी तो धडा समोर आला, की आधी एक पुठ्ठ्याची नळी घ्या, पिळून बघा, मग चीर द्या. एचटी-२ च्या पंखामागचं तत्त्व एवढंच आहे. बाकीची मेहनत गणिताची, आणि ती करायला हसूरचंपू काय न दर्यापूर काय, गाव आडवं येत नाही.